भाकरी मोजणारं मीटर

दिगंबर इंगोलेने बायकोला टाकलं ते एका मंगळवारी, तहसील कचेरीत, तिलाच सोबत नेऊन. त्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, की मी माझी पत्नी मंजूषा हिला सोडून दिलेलं असून तिचा-माझा कसलाही संबंध राहिलेला नाही. सही केली, अंगठा उठवला, आणि मग कसलाही संबंध न राहिलेली ही दोघं रसवंतीत बसून उसाचा रस पिऊन घरी आली. संध्याकाळी तो नेहमीसारखा पाटावर बसला आणि वरणात मीठ कमी पडलंय म्हणून कुरकुरला.

धारखेडच्या मोटारपुऱ्यात याचं कोणालाच नवल वाटलं नाही. टाकलेल्या बाईला पिवळं रेशनकार्ड पटकन मिळतं, असं गल्लीतल्या कोण्या हुशार माणसाने कुठूनसं ऐकून आणलं होतं. तेव्हापासून गल्लीतले नवरे ओळीने बायका टाकायला लागले होते. परक्या माणसाने कागद वाचले असते तर त्याला वाटलं असतं, या गावचे पुरुष म्हणजे निव्वळ दगड. प्रत्यक्षात हे सगळे दगड दिवेलागणीला आपापल्या टाकलेल्या बायकांपुढे ताट घेऊन बसत आणि भाकरी गरम नसली तर तोंड वाकडं करत. दिगंबर तर पानठेल्यावर सांगायचा, "मी तं बायकोले सोडलं बाप्पा, पर थेच मले सोडून नाई राह्यली!" आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा.

मंजूषा हा विनोद वर्षानुवर्षं ऐकत आली होती. तिला त्याचा राग येत नसे. राग यायला समोरच्या माणसाविषयी थोडा तरी मान लागतो, आणि तिच्याजवळचा तो कधीच संपला होता. दिगंबरच्या दुकानावर 'इंगोले वायडिंग वर्क्स' अशी पाटी होती. गावातले लोक जळलेल्या मोटारी, कुलरचे पंप, विहिरीवरचे पंप तिथे आणून टाकत. दिगंबर मोटार हातात घेऊन डोळे बारीक करी, कानाजवळ नेऊन हलवून बघी, 'होते, परवा या' म्हणे, आणि संध्याकाळी पोत्यात घालून घरी आणी. घराच्या मागच्या सपरीत, पत्र्याच्या पडवीत, मंजूषा ती खोले, जळकी तार उपसून काढे, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी बसवे, व्हार्निश लावे, वाळवे, चालवून बघे. परवा दिगंबर ती गिऱ्हाइकाच्या हातात ठेवी आणि म्हणे, "लय त्रास देल्ला हिनं मले."

सरकार अधूनमधून रेशनवरच्या बायकांना शिकवायला यायचं. एकदा अगरबत्ती वळायला शिकवलं, एकदा कापडी पिशव्या शिवायला, एकदा दोन दिवसांत ब्यूटिशियन केलं. पाहुण्यांचे हार, बायकांचा फोटो, समोसा आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्र मिळालेल्या बायकांनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहिला. या सगळ्यातून कोणाचं भलं झालं असेल तर ते समोसेवाल्याचं. शिकवणाऱ्यांना हे माहीत होतं, शिकणाऱ्यांनाही माहीत होतं, आणि दोघंही एकमेकांसमोर इतक्या गंभीर चेहऱ्याने बसत की मंजूषाला त्या चेहऱ्यांची शिसारी येई.

मग सांगड आली.

सांगड म्हणजे एक प्रचंड संगणकी व्यवस्था. कल्पना तशी साधी होती. सरकारजवळ प्रत्येक माणसाची ढीगभर माहिती होती, पण ती निरनिराळ्या खात्यांत कोंडलेली. बाई धान्य कधी उचलते ते रेशनच्या यंत्राला माहीत. ती एसटीने कुठे जाते ते सवलतीच्या कार्डाला माहीत. कोण कधी आजारी पडलं ते दवाखान्याला, पोर शाळेत गेली की नाही ते शाळेला. आणि घरात काय चालतं ते काही वर्षांपूर्वी बसलेल्या विजेच्या नव्या मीटरला, कारण ही मीटर महिन्याचा आकडा सांगून गप्प बसणारी नव्हती. सेकंदाला हजारदा ती विजेची नाडी बघत. पंखा, शेगडी, गिझर, टीव्ही, प्रत्येकाची वीज ओढण्याची तऱ्हा वेगळी असते, आणि ती तऱ्हा ओळखली की भिंतीआड काय चाललंय ते दिसू लागतं. ही खाती एकमेकांशी बोलत नव्हती. सांगडने त्यांना बोलतं केलं, आणि त्यांच्या बोलण्यातून माणसाला खरोखर काय करता येतं ते शोधायचं ठरलं. ज्याला जे येतं त्याचंच पुढचं शिक्षण त्याला द्यायचं, म्हणजे तो रेशनच्या रांगेतून कायमचा बाहेर पडेल. कल्पना चांगली होती, म्हणूनच ती सरकारला कशी सुचली याचं मंजूषाला आश्चर्य वाटलं.

रेशन दुकानातलं यंत्र बोलकं होतं. पूर्वी ते फक्त गहू-तांदूळ किती ते ओरडून सांगायचं. त्या महिन्यात मंजूषाने अंगठा ठेवला आणि यंत्र साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं, "मंजूषा दिगंबर इंगोले. आपला कल: विद्युत मोटार वेटोळेकाम. श्रेणी: प्रगत."

रांगेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मंजूषाच्या मागे तिसऱ्या नंबरावर दिगंबर उभा होता, कारण टाकणाऱ्या नवऱ्याचंही एक वेगळं कार्ड असतं. त्याने पुढे होऊन अंगठा ठेवला.

"दिगंबर नारायण इंगोले," यंत्र म्हणालं. "कल आढळला नाही. शिफारस: सामूहिक स्वयंपाकघर, मदतनीस."

 मग कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, आता पोया लाटाले शिका!" आणि रांग जी फुटली ती हसतच सुटली. दिगंबरही हसला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता. धान्याची पिशवी त्याने तिथेच टाकली आणि तो पानठेल्याकडे निघून गेला. ती पिशवीही मंजूषानेच उचलून घरी आणली.

त्याच आठवड्यात पल्लवी देशकर नावाच्या अधिकारी बाई पडताळणीला घरी आल्या. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि हातात टॅब्लेट. त्या बोलत होत्या मंजूषाशी आणि बघत होत्या टॅब्लेटकडे. मंजूषा मध्येच उठून पाणी घेऊन आली तरी त्यांचं वाक्य थांबलेलं नव्हतं.

"यंत्र चुकलं असन मॅडम," दिगंबर दाराला टेकून म्हणाला. "वायडिंग मी करतो. धारखेडात कोणालेई इचारा."

"माणसांना विचारायची आता गरज राहिली नाही, इंगोलेभाऊ." पल्लवीबाई गोड हसल्या. "मोटार पहिल्यांदा चालू केली की क्षणभर ती खूप वीज ओढते आणि मग खाली येते. त्या झटक्याचा ठरावीक आकार असतो. या घराच्या मीटरवर तसे झटके रोज दिसतात, आणि दर वेळी वेगळ्या मोटारीचे. म्हणजे इथे मोटारी दुरुस्त होतात. पण ते झटके येतात तेव्हा तुमचा फोन बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर असतो."

"फोन इसरून जातो मी तिथं."

"रोज?" बाईंनी बोटाने पडदा सरकवला. "आणखी बघा. दिवाळीत ताई एसटीने माहेरी जातात. तेवढे दिवस एकही झटका नाही. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही काविळीने सरकारी दवाखान्यात पडून होतात. तेव्हा झटके नेहमीपेक्षा जास्त. सांगडने इतक्या वर्षांचं सगळं शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. ताई माहेरी गेल्या की धारखेडच्या मोटारी बऱ्या व्हायच्या थांबतात. तुम्ही आजारी पडलात की त्या भराभर बऱ्या होतात."

पल्लवीबाई स्वतःच्या बोलण्यावर खूश झाल्या, जणू हे सगळं त्यांनीच शोधून काढलं होतं. मंजूषाला त्या बाईची कीव आली.  इतक्या वर्षांत हे कोणी तोंडाने बोललं नव्हतं, तीसुद्धा नाही. एका मीटरने बोलावं आणि आपल्याला रडू यावं, याची तिला चीड आली.

मग बाईंनी पुढचं सांगितलं. गावोगावी सौरपंप बसले होते आणि बिघडले की दुरुस्त करायला माणूस मिळत नव्हता. त्यासाठी विभागाचं एक निवासी केंद्र निघालं होतं. सहा महिने राहून शिकायचं, मुलीला सोबत नेता येईल, तिथे जवळच शाळा आहे. शिकून आल्यावर तालुक्यातल्या साऱ्या सरकारी पंपांचं काम मंजूषाच्या नावावर होईल. "तुमच्या नावावर बरं का ताई. पाटीवरसुद्धा तुमचं नाव."

मंजूषाने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"एकल महिलांसाठी राखीव जागा आहे. तुम्ही परित्यक्ता आहात, म्हणून तुमचं नाव वर आलं. फक्त एक विसंगती दिसतेय." बाईंचं बोट पडद्यावर थांबलं. "या चुलीवर तीन माणसं जेवतात."

दिगंबर दारातून जरा मागे सरकला.

"सरकारने दिलेली विजेची शेगडी आहे ना तुमच्याकडे. तव्यावर भाकरी टाकली की तवा थोडा थंडावतो आणि शेगडी जोर लावते. भाकरी उचलली की जोर उतरतो. मीटरला भाकऱ्या मोजता येतात, ताई. तुम्हाला आणि मुलीला जेवढ्या लागतील त्याच्या दुपटीहून जास्त भाकऱ्या इथे रोज होतात. शिवाय दुपारी गिझर लागतो, तेव्हा तुम्ही रेशन दुकानात असा की माहेरी असा."

मंजूषाने शेगडीकडे पाहिलं. इतकी वर्षं तिच्या भाकऱ्या कोणीतरी मोजत होतं, आणि ते कोणी माणूस नव्हतं.

"शिक्षा कोणालाच नाही," पल्लवीबाई उठता-उठता म्हणाल्या. "नवरा परत आला असेल तर तसं होऊ द्या, कार्डात दुरुस्ती होईल, कार्ड पिवळंच राहील, राखीव जागा तेवढी जाईल. ते इथे राहत नसतील तर चुलीवर तसं दिसू द्या. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे."

बाई गेल्यावर दिगंबर पाटावर येऊन बसला. मग म्हणाला, "काय करतं तिथं जाऊन? या वयात होस्टेलात राह्यशीन?"

"राह्यीन," मंजूषा म्हणाली.

"आन् दुकान?"

"दुकान तुमचं हाय ना. वायडिंग तुमी करता."

हे तिने इतक्या सरळ आवाजात म्हटलं की दिगंबरला भांडायला जागाच मिळाली नाही. तो उठून बाहेर गेला. मुलगी ईश्वरी आतल्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली होती आणि एक पानही उलटत नव्हती. नववीतली पोर. ती हळूच येऊन आईजवळ उभी राहिली.

"आई, शाळेत सर इचारत ना, घरचे काय करतेत, तं मी सांगो, बाबा वायडिंग करतेत आन् आई काई नाई करत." ती थोडी थांबली. "मले दिसे तू करतं ते. तरी मी तसंच सांगो."

"मंग काय सांगशीन? समद्यांनी तेच सांगितलं."

"पर तू गेली तं बाबाचं काय होईन?"

 पोरीला बापाचा लळा होता आणि तो काही खोटा नव्हता. बाजारातून येताना जिलबी आणायला दिगंबर कधी विसरला नाही.

आणि वेटोळी घालायला मंजूषाला त्यानेच शिकवलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्याच्या हाताला कंप सुटला होता, काम अंगावर पडलं होतं, आणि दिगंबर तेव्हा खरोखर काम करायचा. सपरीत तिच्यामागे बसून त्याने तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि तार किती ओढायची, कुठे सैल सोडायची ते दाखवलं. तार तुटली तरी ओरडला नाही. त्या एका दुपारी तिला हा माणूस आवडला होता. पुढे तिचा हात त्याच्यापेक्षा बरा बसला, ते त्याला कळलं, आणि त्या दिवसापासून तो पानठेल्यावर जायला लागला. ती एक दुपार नसती तर मंजूषाला सगळंच सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दिगंबर अगदी मऊ होऊन आला. "जा तू. मी कुठं नको म्हणतो? मी दादाकडं राह्यतो, दाखवापुरता. कागदावर काय, काईई लिहिता येते."

इथेच त्याची गफलत होत होती, आणि ती त्या गल्लीतल्या कोणाचीही झाली असती. सरकारी म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे आपण लिहू ते, हे मोटारपुऱ्याने आजवर पारखून घेतलेलं शहाणपण होतं. कागद कधी घरात डोकावला नव्हता. सांगड कागदावर नव्हतीच, ती भिंतीवरच्या मीटरमध्ये बसली होती, आणि तिला कोणाचं प्रतिज्ञापत्र नको होतं.

दिगंबरने सगळ्या गल्लीला दिसेल असं पिशवीत कपडे भरले आणि तो मागच्या गल्लीत भावाकडे राहायला गेला. फोन भावाच्या घरी चार्जरला लावून ठेवला. आणि दुपारी मागच्या दाराने परत आला, गिझर लावून आंघोळ केली, पाटावर बसला.

"मीटर हाय म्हणून सांगितलं ना त्या बाईनं," मंजूषा म्हणाली.

"मीटरले काय डोये हायेत? वाढ. वहिनी लय पातळ भाकर करते."

तो रोज येऊ लागला. भावजयीकडे पोट भरत नाही म्हणून पूर्वीपेक्षा जास्तच जेवू लागला. मंजूषा रोज ठरवायची, उद्या तव्यावर दोघींचंच टाकायचं. आणि रोज दुपारी मागचं दार वाजलं की तिचे हात पिठात जायचे. तिला स्वतःची लाज वाटे. ज्या हातांचं लोखंडाच्या मोटारी ऐकत, ते हात एका खाऊ माणसापुढे असे वागत होते. तिला हेही कळत होतं, की तो एकेका भाकरीने तिची जागा खाऊन टाकतोय. हे त्याला कळत होतं की नाही, ते तिला ठरवता येईना. कधी वाटे, हा इतका मूर्ख नाही. कधी वाटे, आहे. सकाळी दुकानात मोटारी येतच होत्या, आणि संध्याकाळी पोतं सपरीत येऊन पडतच होतं.

सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात होती. अख्खा मोटारपुरा तिथे बोलावलेला, कारण टाकलेल्या सगळ्याच बायकांच्या चुलीवर नवरे सापडले होते. पल्लवीबाई मंचावर बसल्या होत्या. मागच्या पडद्यावर एकेका घराची चूल रेघांत दिसे, आणि एकेक जोडपं पुढे येऊन कबुली देई. नवरा म्हणे, आलो जी परत. बायको मान हलवी. राखीव जागा त्या बायकांना लागलेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांचं जात काहीच नव्हतं. एका सकाळी मोटारपुऱ्यातले सगळे नवरे आपापल्या बायकांकडे परत आले. विभागाचा फोटोग्राफर प्रत्येक जोडप्याचा फोटो काढत होता. 'सांगडमुळे दुभंगलेली कुटुंबं पुन्हा जुळली' असा फलक कोणीतरी आधीच छापून आणला होता, आणि पाहुण्यांनी टाळ्याही वाजवल्या. मंजूषाला वाटलं, या सभागृहात एक तरी माणूस शरमेने खाली बघेल. कोणी बघितलं नाही.

"इंगोले," पल्लवीबाई म्हणाल्या.

पडद्यावर त्यांच्या घराची रेघ आली. दुपारी गिझरचा उंच डोंगर आणि त्याच्याशेजारी भाकऱ्यांचे दात, दाट आणि सारखे. सभागृहात खसखस पिकली. दिगंबर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कोणी विचारायच्या आतच तो बोलायला लागला.

"मॅडम, मी कधीच सोडलं नाई हिले. कार्डासाठी लिहून देल्लं, चूक झाली. मी हिच्या हातचं जेवल्याबिगर राहू नाई शकत." त्याचा आवाज कापरा झाला आणि डोळ्यांत पाणीही आलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावले. "पोरीले बाप पायजे का नाई? आन् मशीनचं म्हणान तं मशीन चुकलं. वायडिंग बापाच्या वक्तापासून माह्यं हाय. हिले काय येते? थे फकस्त वायर धरते."

थे फकस्त वायर धरते.

मंजूषाने त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच रडू येत होतं, आणि हे वाक्यही तो खऱ्या मनाने बोलला होता. ती दुपार, ती बोटं, ती तुटलेली तार, ते सगळं त्याने आपल्या सोयीने असं आठवून ठेवलं होतं. इतके दिवस भाकऱ्या थापताना तिने सभेत बोलायची वाक्यं मनाशी जुळवली होती. ती उठून उभी राहिली.

"मॅडम, हे माह्या घरी जेवतेत. राह्यत नाई. जेवणं आन् राहणं येगळं असते. मी सांगतो तुमाले..."

"ताई, ताई." पल्लवीबाईंनी हात वर केला. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. "तुमचं म्हणणं टाकायला यात जागाच नाही. सांगड माणसाचं बोलणं घेत नाही, चूल घेते. जो जेवतो तो त्या घरचा. आज रात्री तुमच्या जागेची मुदत संपते. आज संध्याकाळी चुलीवर तिघांचं शिजलं तर जागा पुढच्या बाईला जाईल, दोघींचं शिजलं आणि पुढेही तसंच राहिलं तर तुमची पक्की. बोलून काही फरक पडत नाही. बसा तुम्ही."

"मंग आमाले बोलावलं कायले?"

"नियमात सुनावणी आहे ना." बाईंनी पुढचं नाव पुकारलं.

मंजूषा बसली नाही. ती सरळ दाराकडे चालू लागली. जुळवलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडात तशीच राहिली. ऐकणारं कोणी नव्हतंच, ना मंचावर, ना यंत्रात. मागून दिगंबर आला. फोटो काढायला त्याने थांबून पाहिलं होतं, पण एकट्याचा फोटो काढत नव्हते.

बाहेर चहाच्या टपरीजवळ ऊन होतं. दिगंबरने तोंड रुमालाने पुसलं. मघाचं रडू कुठच्या कुठे गेलं होतं. परीक्षा आटोपलेल्या पोरासारखा तो हलका झाला होता. त्याने खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढला आणि घोटायला लागला. "झालं बापा एकदाचं," तो म्हणाला.

मंजूषा उभी राहिली. तिने ठरवून त्याला वेळ दिला. तो एवढंच म्हणाला असता, की मघा मी चुकीचं बोललो, वायर तू नुसती धरत नाहीस, तर ती घरी जाऊन तिघांचं पीठ मळायला बसली असती. आपण इतक्या स्वस्तात विकल्या जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा तिला संताप येत होता. तो नुसतं 'जाऊ नको' म्हणाला असता तरी कदाचित चाललं असतं. सभागृहात पुन्हा टाळ्या झाल्या. आणखी एक कुटुंब जुळलं होतं. दिगंबर खर्रा घोटत राहिला, मग चिमूट तोंडात टाकून त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला खरंच काहीतरी विचारायचं होतं.

"संध्याकाळी काय करशीन जेवाले?" तो म्हणाला. "वांग्याचं भरीत कर ना. लय दिवस झाले."

"करीन," मंजूषा म्हणाली. "दोघीपुरतं."

आणि ती वांगी घ्यायला बाजाराकडे निघाली.